पिवळा हात

पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळा हात गेली सत्तावीस मिनिटं वर आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ऑनलाइन भरली आहे. विषयपत्रिकेवरचा चौथा विषय गच्चीच्या गळतीचा होता आणि त्यावर बी-७०४ यांना बोलायचं होतं, कारण गच्ची सगळ्यांची असली तरी गळती त्यांच्या एकट्याच्या मालकीची आहे. त्यांनी नियमाप्रमाणे बटण दाबलं, हात वर झाला आणि ते वाट बघत बसले. मग गळती संपली (म्हणजे विषय संपला), पाचव्या विषयात लेखापरीक्षक नेमले गेले, सहाव्यात पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या यावरून शब्दाला शब्द लागला आणि आता गणपतीची वर्गणी ऐन रंगात आलेली असताना अध्यक्षांचं लक्ष त्या कोपऱ्याकडे जातं. "बी-७०४, आपला हात वर दिसतोय. वर्गणीबद्दल काही?" बी-७०४ माईक शोधतात, सापडतो, सुरू होतो. "नाही, ते गळतीचं..." "तो विषय मंजूर झाला. हात खाली घ्या, म्हणजे मला गोंधळ होणार नाही." हात खाली येतो. इतिवृत्तात नोंद होते: विषय क्रमांक चार, सर्वानुमते मंजूर.

असं काही झालं की खापर फोडायला तीन डोकी तयारच असतात. एक अध्यक्षांचं, दुसरं इंटरनेटचं आणि तिसरं खुद्द बी-७०४ यांचं, कारण ते 'मुळात स्पष्ट बोलतच नाहीत'. प्रस्तुत लेखकाच्या मते तिघंही निर्दोष आहेत. खरा गुन्हेगार तो हात आहे. बोलावंसं वाटणं ही ताज्या दुधाच्या जातीची गोष्ट. वेळेत तापवलं नाही की नासलं. बटण मात्र तिला लोणचं समजून बरणीत भरतं आणि वर झाकण लावतं. झूमवर टाळीचं चित्र पाठवलं तर ते दहा सेकंदांत विरून जातं, पण हात तुम्ही खाली घेईपर्यंत किंवा कुणी घ्यायला लावेपर्यंत टिकतो. म्हणजे ज्या गोष्टीला घाई नाही ती क्षणभंगुर, आणि जिच्यातली सगळी जान घाईत आहे ती चिरंजीव. हात टिकतो, मुद्दा टिकत नाही. एवढंच या लेखाचं म्हणणं आहे आणि त्यासाठी अडीच हजार शब्द लागणार आहेत. लेख लिहिण्यात हाच तर फायदा असतो, समोरच्याला हात वर करायची सोय नसते.

हात वर करणं ही काही आपल्याला नवी विद्या नाही. मराठी शाळेत अ आ इ ई येण्याआधी बोटांची लिपी येते. तर्जनी वर म्हणजे उत्तर येतंय. करंगळी वर म्हणजे उत्तर येत नसेल, पण दुसरं काहीतरी येतंय आणि ते थांबणार नाही. ही लिपी इतकी पक्की असते की बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या असल्या तरी त्यांना पाठीमागून करंगळी कळते. पण शाळेतला हात कधी नुसता वर नसायचा. त्याला कोन असायचा. ज्याला उत्तर पाठ आहे त्याचा हात खांद्यापासून सरळ छताकडे, दुसऱ्या हाताने कोपराला टेकू दिलेला, मालक बाकावरून अर्धा उठलेला आणि वर "बाई, मी! बाई, मी सांगू!" असं पार्श्वसंगीत. ज्याला अर्धंच येतंय त्याचा हात कानापर्यंत. शेजाऱ्याने केला म्हणून ज्याने केला त्याचा हात असा, की गरज पडली तर डोकं खाजवत होतो म्हणता यावं. बाईंना या कोनांवरून वर्गाची सगळी कुंडली कळत असे, आणि म्हणूनच त्या नेमक्या ज्याचा हात खाली आहे त्यालाच उठवत. बटणाच्या हाताला कोन नाही. तो घर जळत असलेल्या माणसाचा असो की 'सर्वांना नमस्कार' एवढंच म्हणायचं असलेल्या माणसाचा, पडद्यावर दोन्ही हात सारखेच, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर रेल्वेच्या चौकशी खिडकीसमोरचा भाव.

बोलायची परवानगी मागण्याच्या रीती जगाने किती निगुतीने घडवल्या आहेत ते पाहिलं की बटणाचं दारिद्र्य आणखीच जाणवतं. लोकसभेत सदस्य आपल्या जागी उभा राहतो आणि अध्यक्षांची नजर वेधतो. आपल्या विधानसभेत हरकतीचा मुद्दा वेगळा आणि औचित्याचा मुद्दा वेगळा, आणि दोन्ही मांडताना आवाजाची पट्टी कितीची धरायची हे जुन्या सदस्यांना बरोबर ठाऊक. इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्सने तर कमाल केली होती. मतविभागणी चालू असताना सदस्य इकडून तिकडे जात असतात, तेव्हा नुसतं उभं राहून कुणाचं लक्ष जाणार? म्हणून हरकतीचा मुद्दा मांडणाऱ्याने बसून आणि डोक्यावर टोपी घालून बोलायचं, असा दंडक होता. टोप्या घालायची पद्धत गेली, दंडक राहिला, म्हणून सभागृहात घडी घालता येणाऱ्या उंच टोप्या मुद्दाम ठेवलेल्या असत. ज्याला हरकत घ्यायची त्याने टोपी मागायची, खट्कन उघडायची, डोक्यावर चढवायची आणि मग देशाच्या कारभारातली चूक दाखवायची. १९९८ साली हा प्रकार हास्यास्पद ठरवून बंद केला. आता हास्यास्पद काय आणि नाही काय हा ज्याच्या त्याच्या नजरेचा प्रश्न. पण टोपी घातलेला माणूस सत्तावीस मिनिटं कुणाला दिसला नाही, असं झालं नसतं.

यावर शास्त्र काय म्हणतं तेही बघू, कारण विनोदी लेखात शास्त्र आलं की वाचक जरा सावरून बसतो. संभाषणात पाळी कशी बदलते याचं व्याकरण हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या तिघांनी १९७४ मध्ये मांडलं. पुढे २००९ मध्ये तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी दहा भाषांतल्या गप्पा तपासल्या. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतची फट सगळीकडे मिळून सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. जपानी सर्वांत चपळ, सरासरी ७ मिलिसेकंद. डॅनिश सर्वांत सावकाश, ४६९. त्या दहांत मराठी नव्हती हे जपान्यांचं नशीब. मराठी घेतली असती, आणि त्यातही चार माणसं जेवायला बसलेली असतानाची घेतली असती, तर आकड्याआधी वजाचं चिन्ह द्यावं लागलं असतं. आपल्याकडे उत्तर प्रश्नाच्या आधी येतं, कधी कधी प्रश्नाऐवजी येतं. गंमत अशी की एखादा शब्द मनात जुळवून तोंडातून काढायलाच माणसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. मग उत्तर पाचव्या हिश्शात कसं येतं? कारण समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच आपण आपलं वाक्य रचायला घेतलेलं असतं. 'माझं पूर्ण ऐकून तरी घे' ही तक्रार ज्या ज्या घरांत रोज होते, त्या सर्व घरांतल्या ऐकून न घेणाऱ्या पक्षाने हा आधार जपून ठेवावा.

तर ही सेकंदाच्या पाचव्या हिश्शाची कसरत माणसं कशी साधतात? हात वर करून अर्थातच नाही. ती साधते हजार बारीक खुणांवर. अॅडम केंडन यांनी १९६७ मध्येच नोंदवलं होतं की लांब बोलायला सुरुवात करताना माणूस नजर बाजूला वळवतो आणि बोलणं संपत आलं की ऐकणाऱ्याकडे बघतो. ती नजर म्हणजे 'घ्या, आता तुमची पाळी'. ऐकणाराही गप्प बसलेला नसतो. तो श्वास आत ओढतो, मान पुढे काढतो, ओठ उघडतो, खुर्चीत सरकतो. आणि आपल्याकडे या सगळ्या खुणांचा राजा एक आहे, खाकरणं. जुन्या घरात सासरे माजघरात शिरण्याआधी खाकरत. त्या एका खाकरण्यात आगमनाची वर्दी, पदर सावरायची सूचना आणि चहाची मागणी असं सगळं असे. सभेतलं खाकरणंही तसंच. एक बारीक खाकरणं म्हणजे मला काही म्हणायचंय. दोनदा म्हणजे तुम्ही म्हणताय ते चूक आहे. तीनदा म्हणजे हिशेबाची वही मीही पाहिली आहे. आता व्हिडिओ सभेच्या सॉफ्टवेअरने पहिलं काम काय केलं असेल, तर गोंगाट गाळायची चाळणी लावली. बोलण्यासारखं वाटतं ते ठेवायचं, बाकीचं फेकायचं. कुकरची शिट्टी आणि मिक्सरची घरघर जाते ही सोय खरीच, पण त्याच केराच्या टोपलीत श्वास जातो, 'अं...' जातो आणि शतकानुशतकांचं खाकरणंही जातं. उरली नजर. तर कॅमेरा पडद्याच्या वर आणि चेहरे पडद्याच्या आत. अध्यक्षांकडे बघावं तर त्यांना वाटतं तुम्ही खाली मान घालून जेवताय, आणि कॅमेऱ्याकडे बघावं तर अध्यक्ष काय करताहेत ते तुम्हाला दिसत नाही. थोडक्यात, यंत्राने माणसाच्या हजार खुणा काढून घेतल्या आणि बदल्यात एक पिवळा हात दिला. भांड्यांची मोड देऊन प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, तसा हा व्यवहार.

इथे कुणी म्हणेल, हातबित सोडा, सरळ मध्ये बोलायला काय होतं? प्रत्यक्षात बोलतोच की. आक्षेप रास्त आहे आणि करून पाहण्यासारखाही आहे, पण तिथे भौतिकशास्त्र आडवं येतं. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायला लागणारा वेळ १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ मोजलं तरी साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे साठेक मिलिसेकंद नुसत्या प्रवासात गेले. केबल काही सरळ जात नाही, तिलाही वळसे असतात. वर संगणकाची गुंडाळागुंडाळ, वायफायची मर्जी आणि घरात त्याच वायफायवर चालू असलेली मालिका. मिशिगन विद्यापीठातल्या ज्युली बोलंड आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं, तेव्हा समोरासमोर १३५ मिलिसेकंदांत होणारा पाळीचा बदल झूमवर ४८७ पर्यंत लांबलेला आढळला. आपण सगळे झूमवर डॅनिश होतो! एवढ्या फटीत नेहमी एकच नाटक घडतं. फट पडली असं वाटून दोघं एकदम सुरू होतात, दोघांनाही उशिरा कळतं, दोघंही एकदम थांबतात. "बोला बोला." "नाही, तुम्ही बोला." "तुम्ही सुरुवात केली होती." "माझं तसं काही विशेष नाही." मग तीन सेकंद शांतता आणि पुन्हा दोघं एकदम. लखनौच्या नबाबांची रेल्वे 'पहले आप'मुळे सुटली असं विनोदात सांगतात. पार्किंगच्या एकाच पट्ट्यावरून ज्यांचं बारा वर्षं वाकडं आहे अशा दोन मराठी सभासदांकडून तीच अदब वदवून घेण्याचं श्रेय मात्र निर्विवादपणे इंटरनेटचं.

तरीही काही जण बोलतातच, आणि कसे बोलतात ते पाहिलं की हाताचा निरुपयोग सिद्ध व्हायला दुसरा पुरावा लागत नाही. या कलेतला मुकुटमणी म्हणजे "माझा आवाज येतोय का?" दिसायला हा प्रश्न आहे, खरं तर ती कुंपणावरून मारलेली उडी आहे. आवाज येतोय का असं विचारणाऱ्याला "नाही" म्हणता येत नाही, आणि "हो, येतोय" म्हटलं की दार उघडलं. त्याच्या खालोखाल "मी फक्त पुस्ती जोडतो", ज्यात पुस्ती मूळ ग्रंथापेक्षा मोठी असते. मग "आधीच्या वक्त्यांशी मी पूर्ण सहमत आहे, पण". मग माईक नुसता सुरू करून ठेवणं आणि पंख्याचा आवाज सभेत सोडून देणं, म्हणजे अध्यक्ष वैतागून "कोणाचा माईक सुरू आहे?" विचारतील आणि आपल्याला "माझाच, बरं झालं विचारलंत" म्हणता येईल. एकदा बोलायला मिळालं की मात्र डाव कबड्डीचा. चढाई करणारा दम न सोडता 'कबड्डी कबड्डी' म्हणतोय तोवरच त्याची पाळी. दम तुटला की बाद. त्यामुळे कसलेला वक्ता दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घेत नाही, वाक्याच्या मधोमध घेतो, आणि पूर्णविरामाच्या जागी "आणि... आणि मग... तर सांगायचा मुद्दा असा की..." असं काहीतरी भरून ठेवतो. कबड्डीत निदान चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. इथे तीही नाही, आणि पकड करायला कुणी हात पुढे केला, तर तो कोपऱ्यात पिवळा होऊन बसतो.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. तो असा, की हात समानता आणतो. मोठ्या आवाजाचा आणि बारीक आवाजाचा, साहेबाचा आणि कालच रुजू झालेल्या मुलीचा, सगळ्यांचे हात एका मापाचे, आणि यंत्र त्यांना लागलेल्या क्रमाने रांगेत उभं करतं. (रंग बदलायची सोय सेटिंग्जमध्ये आहे, पण ती ज्याला सापडली तो सेटिंग्जमध्येच रमतो, सभेत परत येत नाही.) जी माणसं प्रत्यक्ष सभेत जन्मात बोलली नसती ती बटणामुळे निदान बोलायला बघतात, हे खरं आहे आणि ते नाकारणं लबाडीचं होईल. पण साहेबाचा हात कधी कुणी वर पाहिलाय? साहेब हात वर करत नाही, साहेब बोलायला लागतो. पंढरपूरच्या दर्शनबारीत सगळे सारखे असतात, तासन्‌तास सारखे असतात. पण ज्याची चिठ्ठी आहे तो बारीत नसतोच. हात वर करणाऱ्यांची समानता ही अशी बारीतली समानता आहे. शिवाय ती रांग अध्यक्षांना दिसावी लागते. अध्यक्षांनी स्वतःच पडद्यावर ताळेबंद लावलेला असतो, त्यात त्यांना स्वतःचाही चेहरा दिसत नाही, रांग कुठून दिसणार? आणि संस्थेने वर्गणी भरायची नाही असा ठराव केल्यामुळे सभा झूमच्या फुकटातल्या चाळीस मिनिटांवर चाललेली. एकेचाळिसाव्या मिनिटाला सगळे बाहेर, नव्या लिंकवरून पुन्हा आत, आणि रांग नव्याने. पाऊण तास बारीत उभ्या असलेल्याला महाद्वाराशी परत सोडून द्यावं, तसं.

यावर चिकाटीचे लोक चॅटचा पर्याय सुचवतात. चॅटबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. तिथे मुद्दा लिहिला की तो 'गुड मॉर्निंग', अंगठा, दुसरा अंगठा आणि 'लिंक पुन्हा पाठवाल का' यांच्या ओझ्याखाली जातो, आणि मराठी टंकायला बसलं तर 'गळती'चं 'गलती' होतं. मग चिटणीस ते मोठ्याने वाचतात, "बी-७०४ म्हणताहेत, गलती कोणाची ते ठरवा", आणि पुढची पंधरा मिनिटं त्यावर जातात.

दुसरे काही म्हणतात की दोष वापरणाऱ्यांचा, कारण ते हात खाली घ्यायला विसरतात. हेही खरं. प्रत्येक सभेत ताज्या हातांच्या जोडीला शिळे हात असतात. ज्याचं बोलून झालं, ज्याचा प्रश्न दुसऱ्यानेच विचारला, ज्याच्या नातवाने बटण दाबलं, ज्याला तो हात नसून थांबण्याची पाटी वाटली, असे सगळे. "काका, तुमचा हात?" "तो मघाचा." "ताई, तुमचा?" "माझा नाही, हा फोन मुलाचा आहे." फोन लावून जोडल्या गेलेल्या ज्येष्ठांची गोष्ट वेगळीच. त्यांनी हात वर करायचा तर स्टार आणि ९ दाबायचं, माईक उघडायचा तर स्टार आणि ६. नऊ उलटा केला की सहा होतो, सहा उलटा केला की नऊ, आणि बहुतेकदा होतातच. त्यामुळे आपण नम्रपणे हात वर केला असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरातला भांडी घासल्याचा आवाज आणि अध्यक्षांबद्दलचं खाजगी मत सगळ्या इमारतीला ऐकू जातं. पण हा विसराळूपणा वापरणाऱ्याचा असला तरी त्याला वाव बटणाने दिला. अंगाला जोडलेला खरा हात वर विसरून राहत नाही. तो दुखतो. शाळेत दुसऱ्या हाताचा टेकू लागायचा तो त्यामुळेच. एसटीच्या कंडक्टरने एक घंटी दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की निघते. घंटी वाजून विरते म्हणून तिचा अर्थ लागतो. एकदा ओढलेली घंटी पनवेलपासून महाडपर्यंत वाजतच राहिली, तर ड्रायव्हरने काय समजावं?

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे बी-७०४ यांचं खरं नुकसान होतं. समजा, सभा जुन्या पद्धतीने खालच्या पार्किंगमध्ये, भाड्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर भरली असती. तिथे त्यांना बोलू दिलं असतं का? छे. तिथेही नेहमीचे तिघेच बोलतात. गणपूर्तीला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातला कमी आकडा लागतो असं आदर्श उपविधी सांगतात. तेवढेही येत नाहीत म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते आणि नंतर गणपूर्तीची अट राहत नाही, हे सर्वांना पाठ असल्याने सगळे मुळात अर्ध्या तासानेच जिना उतरतात. या आदर्श लोकशाहीत बी-७०४ उभे राहिले असते, "अहो, जरा ऐका" म्हणाले असते, खुर्ची कुरकुरली असती, बायकोने मागून सदरा ओढला असता आणि अध्यक्षांना सर्वांदेखत "खाली बसा" म्हणावं लागलं असतं. विषय तेव्हाही मंजूरच झाला असता. पण त्यांना न बोलू देण्याची काहीतरी किंमत अध्यक्षांना मोजावी लागली असती. चार माना वळल्या असत्या, दोघं "बोलू द्या की त्यांना" म्हणाले असते, निदान रात्री गेटपाशी चर्चा झाली असती. पडद्यावर दुर्लक्षाला काही किंमत पडत नाही. पिवळा हात कुरकुरत नाही, तांबडा होत नाही, त्याचा आवाज चढत नाही. ज्याला वर केलेला हात दिसला नाही त्याला 'दिसला नाही' असं निर्मळ मनाने म्हणता येतं, आणि बहुतेकदा ते खरंही असतं.

यंत्र बनवणाऱ्यांना हे कळलं नसेल असं नाही. बटणाचा हात कमी पडतो म्हणून त्यांनी आता खरा हात ओळखायची विद्या आणली आहे. झूम आणि गूगल मीट या दोघांतही अशी सोय आहे, की कॅमेऱ्यासमोर पंजा उघडा धरला की पडद्यावर आपोआप हात वर होतो. अॅपलने २०२३ साली आपल्या संगणकांत याच्याही पुढची मजल मारली. दोन अंगठे दाखवले की मागे आतषबाजी सुटते, दोन्ही अंगठे खाली केले की पाऊस पडतो. गळतीच्या विषयावर नापसंतीचे दोन्ही अंगठे दाखवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर भर सभेत पाऊस पाडणाऱ्या यंत्राला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणेल? पण खरा हात ओळखणाऱ्या यंत्रापुढे खरे प्रश्नही येतात. मराठी माणूस हात न हलवता बोलूच शकत नाही. 'एवढी मोठी भेग' सांगताना दोन्ही पंजे उघडतात, 'आम्ही काय करायचं' म्हणताना आकाशाकडे जातात, डास मारताना तर विचारूच नका. यातला कुठला पंजा परवानगीचा आणि कुठला डासाचा हे बाईंनी पाठमोऱ्या ओळखलं असतं.

शेवटी आभारप्रदर्शन होतं आणि मग तो विधी येतो, जो पार्किंगमधल्या सभेत कधीच कुणी केला नाही. सभा संपली की सगळे हात हलवतात. एकाच इमारतीत राहणारी, पाच मिनिटांनी लिफ्टमध्ये भेटणारी माणसं कोकणात निघालेल्या गाडीतून हलवावेत तसे दोन्ही हात हलवतात, हसतात, आणि बाहेर पडायचं बटण कुठे आहे ते शोधत हलवत राहतात. बी-७०४ही हलवतात. त्यांचा पंजा उघडा, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर, आणि आज पहिल्यांदाच अगदी योग्य कोनात. यंत्र तो ओळखतं. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा हात वर येतो. ताळेबंद आता पडद्यावरून उतरलेला आहे, त्यामुळे तो अध्यक्षांना लगेच दिसतो. "थांबा थांबा, कुणी जाऊ नका. बी-७०४ यांना काहीतरी बोलायचंय. बोला, बी-७०४, सगळे ऐकताहेत." सगळे खरंच ऐकू लागतात. बी-७०४ चष्मा वर करतात, माईकचं बटण शोधतात, सापडतं, एकदा बारीक खाकरतात, आणि दुसऱ्या लिंकचीही चाळीस मिनिटं संपतात.